४००० वॅटचा रेग्युलेटर : बफिंगला चालतो, लेथला नाही

वागळे इस्टेटमधील एका भंगारवाल्याकडून मी फ्रंट लोड वॉशिंग मशीनची जुनी मोटर आणली आणि ती लाकूडकामाच्या छोट्या लेथला बसवून, वेग कमीजास्त करण्यासाठी ऑनलाइन मिळणारा ट्रायॅकचा (विजेची लाट कापून मोटरला कमीजास्त वीज देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) रेग्युलेटर जोडला. हा अभिप्राय त्या रेग्युलेटरविषयी आहे.

मोटर कार्बन ब्रशची, म्हणजे युनिव्हर्सल (एसी-डीसी दोन्हीवर चालणारी) असल्यामुळे अशा रेग्युलेटरवर ती व्यवस्थित चालते. पंपाच्या कपॅसिटरवाल्या मोटरकडून ही अपेक्षा ठेवू नये. जोडणी सोपी आहे. फील्डचे, म्हणजे बाहेरच्या स्थिर गुंडाळीचे, एक टोक एका ब्रशला जोडायचे आणि उरलेली दोन टोके रेग्युलेटरच्या आउटपुटला. शाफ्टच्या मागच्या टोकावरील छोट्या गुंडाळीतून येणाऱ्या दोन तारा मात्र टॅकोच्या, म्हणजे वेग मोजणाऱ्या भागाच्या असतात, त्यांना चुकूनही २३० व्होल्ट देऊ नयेत.

नॉब हळूहळू फिरवला तर सुरुवातीला काहीच होत नाही. मग अचानक झटका देऊन मोटर सुटते आणि त्यानंतरच नॉब मागे घेऊन वेग खाली आणता येतो. स्वस्त डिमरची ही जुनी खोड आहे, तिची सवय होते. सवय होत नाही ती दुसऱ्या गोष्टीची. सागाच्या तुकड्यावर पटाशी टेकवली की लेथ मंदावतो, म्हणून नॉब वाढवावा, तर पटाशी उचलताच मोटर किंचाळत वर जाते. भार वाढला हे रेग्युलेटरला कळतच नाही, कारण टॅकोच्या तारा जोडायला त्यावर जागाच नाही. वॉशिंग मशीनमध्ये हीच मोटर मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या पुढे जाते, हे लक्षात घेता बेल्ट न चढवता ती पूर्ण व्होल्टेजवर चालवणे धोक्याचे आहे.

बोर्डवरील ‘४००० वॅट’ या आकड्याबद्दल माझी तक्रार आहे. तेवढ्या भाराला सुमारे १७ अँपिअर लागतील. त्यावर ४० अँपिअरचा ट्रायॅक कागदोपत्री पुरतो, पण त्यात वीसेक वॅटची उष्णता होईल आणि काडेपेटीएवढ्या हीटसिंकला ती बाहेर टाकता येणार नाही. माझ्या मोटरचा भार काहीशे वॅटचाच आहे, तरीही अर्ध्या तासात हीटसिंकवर बोट ठेववत नव्हते. शिवाय बोर्डवर फ्यूज नाही, आणि नॉबच्या पायांसकट सगळा बोर्ड मेन लाइनवर असतो. मी तो प्लॅस्टिकच्या बंद डब्यात बसवला, त्याच्या आधी लाइनमध्ये ५ अँपिअरचा फ्यूज घातला आणि मोटरच्या बॉडीला अर्थिंग दिले. ३०० रुपयांच्या वस्तूला हा खर्च वेगळा धरावा.

लेथसाठी आता मी टीडीए १०८५ ही आयसी असलेला बोर्ड घेणार आहे. वॉशिंग मशीनच्या मोटरसाठीच बनवलेली ही आयसी टॅकोकडून येणारा सिग्नल पाहून भार पडताच ट्रायॅक लवकर उघडते. हा रेग्युलेटर मी बफिंगच्या, म्हणजे धातू चकचकीत करण्याच्या चाकाकडे वळवला आहे. तिथे पितळेची कडी दाबली की वेग थोडा उतरतो, पण दाब हातालाच कळत असल्याने ते खटकत नाही, आणि वेग कमी ठेवल्यामुळे बफिंगचे मेण चाकावरून उडून भिंतीवर जात नाही.