टिळकनगरची संध्याकाळची पंगत: एक अभिप्राय

लोकमान्य टिळक टर्मिनसच्या बाहेर पडून टिळकनगर स्थानकाच्या दिशेने चालत आले की म्हाडाच्या इमारतींमधल्या एका गल्लीत, एका सार्वजनिक मंडळाच्या तळमजल्यावरील खोलीत, रविवार सोडून रोज संध्याकाळी साडेसात ते सव्वानऊ या वेळेत मोफत जेवण मिळते. ते रांधणारे आणि वाढणारे सगळे वसाहतीतलेच रहिवासी आहेत. दारावर संस्थेची पाटी नाही, देणगीदारांच्या नावांचा फलक नाही, आणि आपले नाव कुठे छापून येऊ नये अशी चालवणाऱ्यांची इच्छा असल्यामुळे मीही ते येथे देत नाही. गल्लीच्या तोंडावरचा कोणताही रिक्षावाला जागा दाखवतो. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, रेल्वे थांबली आणि टर्मिनसच्या आसपास माणसे अडकून पडली, तेव्हा हे काम सुरू झाले. त्या काळात मुंबईत गल्लोगल्ली अशा चुली पेटल्या होत्या. श्रमिक गाड्या सुटल्या, माणसे गावी गेली, आणि त्यांतल्या बऱ्याच विझल्या. ही टिकली, कारण परतून आलेल्या आणि नव्याने आलेल्या माणसाला जेवण नेमके कधी लागते, हे या लोकांनी ओळखले.

माझ्या मते या स्वयंपाकघराचा सर्वांत मोठा गुण त्याची वेळ हाच आहे. राज्य सरकारची शिवभोजन थाळी 26 जानेवारी 2020 पासून सुरू झाली. 10 रुपयांत दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात आणि 100 ग्रॅम वरण, अशी ती योजना कागदावरही चांगली होती आणि ताटातही. पण तिची वेळ दुपारची, सुरुवातीला 12 ते 2 अशी होती. सकाळी सातला मजूर नाक्यावर उभा राहणारा माणूस त्या वेळी कुठल्या तरी अर्धवट इमारतीच्या सहाव्या मजल्यावर विटा चढवत असतो आणि खाली उतरून केंद्रापर्यंत जाऊन रांगेत उभे राहण्याएवढी सुट्टी त्याला कोणी देत नाही. त्याची खरी पंचाईत रात्री होते. आठ-दहा जणांत एक खोली, गॅसची जोडणी कोणाच्याच नावावर नाही, सुटा गॅस किलोच्या भावाने भरून आणायचा, आणि मुकादमाने पैसे शनिवारी द्यायचे म्हणून सांगितलेले. उत्तर प्रदेश-बिहारकडून येणाऱ्या गोदान किंवा पवन एक्स्प्रेसने उतरलेल्या नव्या माणसाचा पहिला आठवडा साधारण असाच जातो. त्या आठवड्यापुरते रोज रात्रीचे गरम जेवण मिळाले, तर तो पहिल्याच उचलीसाठी मुकादमाच्या कर्जात अडकत नाही; या पंगतीचा हिशेब मी तरी ताटांच्या संख्येवर न करता यावर करतो.

मुंबईला हे नवे नाही. कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत आलेले एकटे पुरुष एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि गिरणगावातल्या बायकांच्या खाणावळीत महिन्याच्या बोलीवर जेवत. त्या बायकांना सावकाराच्या विळख्यातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खाणावळ पैसे घेऊन चाले आणि ही पंगत फुकट आहे, हा फरक मोठा आहे. पण नव्याने आलेल्याला शहरात पाय रोवेपर्यंत कोणीतरी जेवू घालावे लागते, ही गरज मात्र तीच आहे. टिळकनगरातल्या निम्म्याअधिक घरांच्या आजोबांनी लालबाग-परळच्या अशा एखाद्या खाणावळीत दिवस काढले असतील, आणि तरीही ‘बाहेरच्यांना कशाला?’ असा प्रश्न सोसायटीच्या बैठकीत निघतोच.

आता जेवणाविषयी. वरण किंवा आमटी, एक भाजी, भात आणि चपाती, असा साधा बेत असतो. चपात्या इथे लाटल्या जात नाहीत. शेदीडशे चपात्या रोज लाटायच्या म्हटले तर चार बायकांची संध्याकाळ त्यातच जाईल, म्हणून आसपासच्या इमारतींतील घरे आपल्या कणकेत पाच-पाच चपात्या जास्तीच्या करतात आणि सातच्या सुमारास कोणीतरी पिशवी घेऊन मजल्या-मजल्यावर फिरते. परिणामी एकाच ताटात एक घडीची तेल लावलेली, एक पातळ फुलका आणि एक जाडसर दशमीसारखी अशा तीन घरांच्या चपात्या येतात. मला हे फार आवडले. पावसाळ्यात मात्र फडक्यात गुंडाळलेल्या चपात्यांना घाम सुटतो आणि खालच्या चिकटतात; स्टीलचे झाकणाचे डबे घ्यायला हवेत.

मटकीची उसळ इथली सर्वांत चांगली, दाटसर आणि बेताची तिखट. दुधीची भाजी पाणचट. गूळ आणि गोडा मसाला घातलेली आमटी पूर्वी नव्या माणसांच्या पानात तशीच राहत असे, असे वाढणाऱ्या काकू सांगतात. आता गूळ बंद झाला आहे, प्रत्येक ओळीत कच्चा कांदा आणि हिरव्या मिरच्यांची वाटी फिरते, आणि दरभंग्याहून आलेल्या एका मुलाने शिकवल्याप्रमाणे आठवड्यातून एकदा मोहरीच्या तेलातला बटाट्याचा चोखा, म्हणजे भरीत, होतो. काकूंना त्या तेलाचा वास अजून सोसत नाही, पण वाढताना ‘दादा, अजून घ्या, भात भरपूर आहे’ हा आग्रह त्यात कमी पडत नाही. कोणाला नाव, गाव, जात किंवा कागद विचारला जात नाही. वाढदिवसाला हाताने वाढून फोटो काढू इच्छिणाऱ्यांना नम्रपणे नकार मिळतो, आणि लग्नाच्या हॉलमधून उरलेले जेवणही घेतले जात नाही, कारण ते केव्हा शिजले हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. दोन्ही नकार मला योग्य वाटतात.

दाराजवळच्या टेबलावर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसतात. ज्याला हवे असेल त्याने जेवण झाल्यावर त्यांच्याकडे जायचे. गावच्या रेशनकार्डावर, आधारशी जोडणी झालेली असल्यास, मुंबईच्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळते, आणि कुटुंबाच्या वाट्यातले काही इथे व उरलेले गावी उचलता येते, ही गोष्ट अनेकांना त्यांच्याकडूनच पहिल्यांदा कळते. ई-श्रमची, म्हणजे असंघटित कामगारांसाठीच्या केंद्र सरकारच्या यादीतली, नोंदणी ते तिथल्या तिथे मोबाइलवर करून देतात. बांधकाम कामगारांसाठीच्या सरकारी कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतात. तिथे मात्र त्यांचाही उपाय चालत नाही, आणि ते तसे स्पष्ट सांगतात.

उणिवाही लहान नाहीत. रविवारी पंगत बंद असते, आणि नाक्यावर काम न मिळण्याचा तोच वार. गणपतीत ही खोली मंडळाला लागते म्हणून चूल थंडावते. उत्सवाच्या मंडपात रोज प्रसाद वाटणाऱ्या वसाहतीला त्या दिवसांसाठी दुसरी एक खोली मिळू नये, हे मला पटत नाही. पितृपक्षात उलट खिरीच्या पातेल्यांची रीघ लागते आणि सर्वपित्री झाली की तूरडाळ पुन्हा विकत आणावी लागते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे बायका येत नाहीत. साठ-सत्तर अनोळखी पुरुषांच्या ओळीत लहान मूल घेऊन बसायला कोण येईल? घरी न्यायला डबा भरून देतात, पण मागितला तरच, आणि तेही मागच्या खिडकीतून. ती खिडकी उघडपणे, ठरलेल्या वेळी, पंगतीच्या आधी सुरू केली पाहिजे.

कोणाला मदत करायची असेल, तर जुने कपडे आणि बिस्किटांचे पुडे नेऊ नयेत. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर अशा कामाला वापरता येत नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो, आणि महिन्याच्या खर्चात तोच सर्वांत जड जातो. त्यामुळे एका सिलिंडरचे पैसे, किंवा तूरडाळ आणि तेल, हे उपयोगी पडते. वाढायला हौशी माणसे पुष्कळ येतात. नऊनंतर टोप आणि पराती घासायला ती कमी पडतात, आणि त्या कामासाठी आधी कळवावे लागत नाही. मागच्या दाराने सरळ मोरीवर जायचे.