जाड आणि कोमट की पातळ आणि खरपूस: मोठ्या शहरात कुकी कुठून घ्यावी?

मोठ्या शहरात चांगली कुकी शोधायला निघालं की दुकानांची यादी कितीही लांबली तरी निवड शेवटी दोन प्रकारांवर येऊन थांबते. एक म्हणजे फक्त कुकीज विकणारं खास दुकान. तिथे कुकी जाड, तळहात भरेल एवढी, आतून ओलसर आणि हातात येते ती कोमट. दुसरी म्हणजे पाव, केक असं सगळंच करणारी बेकरी. तिथे एका बाजूच्या ट्रेमध्ये पातळ, कडेला तपकिरी झालेल्या कुकीज मांडलेल्या असतात आणि बऱ्याच गिऱ्हाइकांचं तिकडे लक्षही जात नाही. मी दोन्हीकडे बराच काळ नेमाने खाल्लं आहे. हल्ली माझी पावलं बहुतेक वेळा दुसरीकडे वळतात. ज्यांना पहिली आवडते त्यांचं चुकतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण अजून ठरवायचं असेल, तर मला जे जाणवलं ते उपयोगी पडावं.

तुलना साध्या चॉकलेट चिप कुकीचीच करतो, कारण ती दोन्हीकडे मिळते आणि तिच्यात आडोसा घ्यायला फार काही नसतं. लोणी, साखर, मैदा, अंडं, मीठ, चॉकलेट, बस. आत पेस्ट भरलेली किंवा वरून क्रीम थापलेली कुकी आवडली, तर श्रेय कुकीचं की भरावाचं हे मला तरी सांगता येत नाही.

आधी जाड कुकीबद्दल, कारण तिच्यात खरं कसब असतं. पिठाचा मोठा गोळा फ्रिजमधून काढून थेट खूप तापलेल्या ओव्हनमध्ये जातो. तो पसरायच्या आत बाहेरचा भाग धरतो, आणि उष्णता मध्यापर्यंत पुरती पोचायच्या आधी ट्रे बाहेर काढला जातो. ब्राउन शुगर सढळ हाताने घातलेली असते. तिच्यातली मळी ओलावा धरून ठेवते, म्हणून आतला भाग मऊ राहतो. एक-दोन मिनिटं इकडेतिकडे झाली की सगळं बिघडतं, त्यामुळे दिवसभर हे सांभाळणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. जमलेल्या जाड कुकीचा पहिला घास फार सुंदर असतो. अक्रोड घातले असतील तर त्यांचा किंचित कडवटपणा गोडाला आवरतो, आणि दोनदा विचार न करता मी तीच कुकी निवडेन.

आणखी एका बाबतीत खास दुकानांचं पारडं जड आहे, ते म्हणजे पीठ मुरवणं. भाजण्याआधी पीठ थंड जागी दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ ठेवलं की अंड्यातला आणि लोण्यातला ओलावा मैद्यात नीट जिरतो. मग कुकीचा रंग जास्त गडद येतो आणि चवीला खोली येते. २००८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पीठ ३६ तास मुरवायला सांगणारी कृती छापली आणि बेकरीवाल्यांच्या आतल्या गोटातली ही युक्ती घरोघरी पोचली. एकाच पदार्थावर पोट असलेल्या दुकानाला यासाठी जागा आणि सवड दोन्ही असते. पन्नास पदार्थ करणाऱ्या बेकरीला ते दर वेळी परवडतंच असं नाही. त्याच लेखात कुकी कोमट खावी असाही आग्रह होता. मुरवण्याचं म्हणणं मला पूर्ण पटलं. कोमट खाण्याचं मात्र जितकं खात गेलो तितकं कमी पटत गेलं.

कारण माझ्यासाठी निर्णय झाला तो काउंटरवरच्या त्या गरम काचेच्या कपाटापाशी.

ज्या खास दुकानांत मी जातो त्यांपैकी बहुतेकांत भाजून झालेल्या कुकीज या कपाटात जातात आणि विकल्या जाईपर्यंत तिथेच राहतात. जिथे कपाट नसतं तिथे देण्याआधी मायक्रोवेव्हमध्ये फिरवून देतात. ‘गरम करू नका’ असं सांगितलं तरी हात सवयीने तिकडे जातोच. परिणाम असा होतो की कुकी पहिल्या घाण्यातली आहे की आत्ताची, हे खाणाऱ्याला कळायला मार्गच उरत नाही. हातात येताना सगळ्या सारख्याच कोमट. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, चॉकलेटमधली चरबी म्हणजे कोको बटरही त्याच्याच आसपास. त्यामुळे कोमट कुकीत दोन्ही आधीच पातळ झालेले असतात, वास वर येतो, गोडी जास्त जाणवते. अशा अवस्थेत मध्यम प्रतीची कुकीसुद्धा छान लागते. मला हेच खटकतं. उष्णता कुकीची बाजू इतक्या जोरात मांडते की कुकीला स्वतः काही सांगायची संधीच मिळत नाही.

शिवाय कपाटात कुकीचं नुकसानही होत असतं. नुकत्याच भाजलेल्या कुकीची कडा कोरडी आणि मध्य ओला असतो, आणि खाण्याची सगळी गंमत या फरकात असते. वेळ जातो तसा मधला ओलावा कडेकडे सरकतो. बंद, उबदार जागेत कडेला कोरडं राहायला वावच मिळत नाही. थोड्या वेळाने कुकी इकडून तिकडे एकसारखी मऊ होते. वर ती गरम असतानाच कागदी पिशवीत घालून पिशवीचं तोंड दुमडलं, की उरलीसुरली कड वाफेने जाते.

म्हणून मी एक सवय लावून घेतली. जाड कुकी घ्यायची, एक घास तिथेच खायचा आणि बाकीची पूर्ण थंड होऊ द्यायची. थंड झालेल्या कुकीत कोमटपणी न कळलेल्या गोष्टी एकेक करून समोर येतात. मधला भाग घट्ट होतो आणि काही वेळा सरळ कच्चट लागतो, मैद्याची चव जिभेवर येते. लोण्याच्या जागी दुसरी कुठली स्वस्त चरबी वापरली असेल तर टाळूला मेणचट थर चिकटतो, कारण अशा बऱ्याच चरबी तोंडाच्या उबेला लोण्याइतक्या सहज विरघळत नाहीत. मीठ कमी पडलं असेल तर गोडी अंगावर येते. जाड कुकीत पीठच इतकं असतं की मिठाची चूक पातळ कुकीपेक्षा जास्त कळते. सगळीच दुकानं यात नापास झाली असं नाही. थंड झाल्यावरही मनापासून संपवावीशी वाटली अशी जाड कुकी मला मिळाली आहे. पण ती अपवाद म्हणूनच लक्षात राहिली.

आता कुणी म्हणेल की कुकी कोमट मिळते तर कोमटच खावी, थंड कशाला करायची? दुकानात उभं राहून खाणार असाल तर मुद्दा अगदी रास्त आहे. पण मोठं शहर म्हटलं की अंतर आलं. ज्या दुकानाची ख्याती ऐकून आपण निघतो ते हमखास शहराच्या दुसऱ्या टोकाला असतं. परतताना बस, मेट्रो, मग थोडं चालणं. घरच्यांसाठी घेतलेल्या चार कुकीज घरी पोचतात तेव्हा कोमटपणा कधीच संपलेला असतो, पिशवीला तेलकट डाग पडलेले असतात, आणि मऊ मध्यामुळे एखादी तरी दुमडून शेजारच्या कुकीला चिकटलेली असते. म्हणजे दुकानात जी कुकी चाखून आपण भारावलो ती घरच्यांच्या वाट्याला येतच नाही.

पातळ कुकी इथे कामाला येते. तिचं पीठ ट्रेवर पसरतं आणि मध्यापर्यंत भाजलं जातं, त्यामुळे साखर आणि लोणी दोन्ही खरपूस होतात. लोण्यातला दुधाचा अंश तपकिरी झाला की सुक्या मेव्यासारखा वास येतो. जाड कुकीचा बहुतांश भाग तेवढा तापतच नाही, म्हणून तो वास तिच्यात कडेपुरताच सापडतो. चांगल्या पातळ कुकीत बाहेरून आत येताना आधी कुरकुरीत, मग किंचित चिवट आणि अगदी मध्ये मऊ असे टप्पे लागतात. हे सगळं ती थंड असताना. किंबहुना थंड झाल्याशिवाय ते टप्पे तयारच होत नाहीत, कारण ओव्हनमधून निघालेली कुकी आधी पूर्ण मऊ असते आणि साखर गार होऊन घट्ट झाली की तिच्यात कुरकुरीतपणा येतो. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते. या कुकीचं उत्तम रूप थंडपणीच दिसतं, आणि आपल्यापैकी बहुतेकजण कुकी थंडच खातो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या टोल हाऊस या खानावळीत रूथ वेकफील्ड यांनी १९३० च्या दशकात चॉकलेट चिप कुकी लोकप्रिय केली. तीही लहान आणि कुरकुरीतच होती. आजची जाड, ओलसर कुकी नंतरची. जुनं म्हणून चांगलं असा माझा दावा नाही, पण पातळ कुकी म्हणजे काटकसर करून केलेली दुय्यम कुकी असं जे हल्ली मानलं जातं ते मला पटत नाही.

सर्वसाधारण बेकरीच्या अडचणी लपवण्यातही अर्थ नाही. कुकी हा तिचा जोडधंदा असतो आणि अनेक ठिकाणी ते कळतं. चॉकलेटमध्ये तर हटकून. ओव्हनमध्ये आकार टिकावा म्हणून साध्या चिप्समध्ये कोको बटर कमी असतं, त्यामुळे त्या दाताखाली टणक लागतात. कोको बटर किमान ३१ टक्के असलेलं कुव्हर्चर चॉकलेट चिरून घातलं तर त्याचे पातळ थर पिठात पसरतात. खास दुकानं असं चॉकलेट जास्त वेळा वापरतात, हे मान्य करावंच लागेल. बेकरीत घाण्याघाण्यात फरकही पडतो. एखाद्या दिवशी तळ करपलेला असतो, एखाद्या दिवशी कुकी फिकी राहिलेली. संध्याकाळी गेलात तर ट्रे रिकामा. आणि दमट हवेत ट्रे दिवसभर उघडा राहिला की पातळ कुकी लवकर सादळते. सादळलेली कुकी खाण्यात काहीच आनंद नाही.

म्हणून बेकरी पारखून घ्यावी लागते. मी आधी तळ बघायला मागतो. तळ एकसारखा, गडद सोनेरी असेल तर ओव्हन आणि भाजणारा दोघंही ठीक आहेत. वरचा रंग काचेआडूनही दिसतो. कड आणि मध्य यांच्या रंगात स्पष्ट फरक हवा, सगळी कुकी एकाच फिक्या रंगाची असेल तर मी पुढे जातो. ट्रेमध्ये रास नको, थोडा माल असावा आणि तो पुन्हा भरला जात असावा. ‘हा ट्रे कधी निघाला?’ असंही विचारतो. जिथे कुकीची कदर असते तिथे काउंटरवरच्या माणसाला उत्तर लगेच सुचतं. आणि एकच कुकी विकत घेऊन बाहेर जाऊन मोडून बघतो. कडेला ती ‘कट्’ आवाज करून तुटावी आणि मध्ये वाकावी.

टिकण्याच्या बाबतीतही मला पातळ कुकी सोयीची वाटते. घट्ट झाकणाच्या डब्यात ती दुसऱ्या दिवशी बरी असते, आणि थोडी सादळली तर ओव्हनमध्ये काही मिनिटं ठेवून मग गार होऊ दिली की पुन्हा कुरकुरीत होते. जाड कुकी दुसऱ्या दिवशी गरम करून मऊ होते खरी, पण निवली की आधीपेक्षा जास्त घट्ट. ती लगेच खायची नसेल तर त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाकलेली बरी.

तेव्हा दुकानाच्या जवळ राहत असाल, बरोबर वाटून खाणारं कुणी असेल, आणि कुकीपेक्षा उबदार, चमच्याने खावं अशा गोडाची इच्छा असेल, तर खास दुकानात जा आणि तिथेच उभं राहून खा. कडक थंडीच्या दिवसांत मीही जातो. कुणाच्या घरी न्यायच्या असतील, प्रवास लांबचा असेल, चहा-कॉफीबरोबर हव्या असतील किंवा चार दिवस घरात ठेवायच्या असतील, तर मी बेकरीचीच शिफारस करेन, फक्त दुपारच्या आत जा.

आणि अजूनही ठरत नसेल, तर एका दिवशी दोन्हीकडून एकेक साधी कुकी आणा. जाड कुकीची पिशवी येताना उघडीच ठेवा, म्हणजे वाफेने तिचं नुकसान होणार नाही. दोन्ही पूर्ण थंड झाल्यावर आधी जाड खा, घोटभर पाणी प्या आणि मग पातळ.