वायरलेस डिस्प्ले डोंगल: बाकी सगळं बरं, पण लाल काठाचं काय?

हेल्पलाइनवाला परत तेच म्हणाला, "सर, इंटरनेटचा स्पीड चेक करा," आणि माझं डोकं फिरलं. टीव्हीला लावायचा हा छोटा डोंगल मिराकास्टवर, म्हणजे लॅपटॉपची स्क्रीन बिनतारी टीव्हीवर पाठवायच्या पद्धतीवर चालतो; त्याला इंटरनेट लागतंय कुठं? लॅपटॉप आणि डोंगल वाय-फाय डायरेक्टनं थेट जोडले जातात, मधे राउटरसुद्धा नको. नेट दिवसभर बंद असतानाही माझी स्क्रीन टीव्हीवर येते. त्याला हे कन्नडमध्ये सांगितलं, मग हिंदीत सांगितलं. (मराठीचा पर्याय नाहीच, ती सवय आहे आम्हाला.) शेवटी म्हणतोय, डोंगल बेंगळूरला पाठवा. कुरिअरचा खर्च कोण देणार, यावर मात्र गप्प.

तक्रार अशी. बेळगावच्या वडगावात आमचे साड्यांचे माग आहेत. काठ, बुट्टे कॉम्प्युटरवर ग्राफमध्ये काढतो. एक चौकोन म्हणजे एक धागा. व्यापारी आला की मोठ्या टीव्हीवर नक्षी दाखवावी, एवढ्यासाठी हे घेतलं. पण काळ्या जमिनीवरची लाल रेघ लॅपटॉपवर कोरीव आणि टीव्हीवर भिजलेल्या कुंकवासारखी फिसकटलेली. पांढरी रेघ मात्र चोख! निळ्याचंही तेच रडगाणं. गिऱ्हाईक विचारतंय, "हा काठ असा पसरट का?" आता त्याला काय सांगू, धागा नाही हो, टीव्ही पसरट दाखवतोय?

पहिल्या महिन्यात रागानं याला एकच तारा दिला होता. पुढं भाच्यानं उलगडा केला. हवेतून पाठवताना चित्र एच.२६४ मध्ये (व्हिडिओ लहान करायची एक पद्धत) दाबलं जातं आणि तिथं ४:२:० चा हिशेब चालतो: उजेड प्रत्येक पिक्सेलचा वेगळा, पण रंग चार पिक्सेलांत मिळून एकच. सिनेमात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. एका पिक्सेलच्या लाल रेघेचा मात्र निकाल लागतो. म्हणजे दुसऱ्या कंपनीचा डोंगल आणला असता तरी बहुधा हेच झालं असतं. हे हेल्पलाइनवाल्याला एका वाक्यात सांगता आलं असतं की!

यावर फुकटचा इलाज: ग्राफ २०० टक्के झूम करायचा. एका चौकोनाची जागा दोन बाय दोन पिक्सेल होते आणि रंग बराच जागेवर येतो. पूर्ण साडी एका नजरेत दिसत नाही, पण काठ तरी काठासारखा दिसतो. त्या दिवशी तारे वाढवून तीन केले.

दुसरा ताप मधेच बंद पडून परत सुरू होण्याचा. टीव्हीच्या यूएसबीतून वीज घेत होतो. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलीअँपियरच मिळतात. जुन्या मोबाइलचा चार्जर लावला, त्रास संपला. नवा ॲडॉप्टर विकत घेऊ नका, घरात पडलेला असतोच.

बाकी विंडोज आणि के ही बटणं दाबली की जोडणी होते. माउस किंचित मागं राहतो; व्हिडिओत आवाज आणि चित्र दोन्ही सारखेच उशिरा येतात, म्हणून ओठ चुकत नाहीत. भाच्याच्या पिक्सेल फोनवरून काहीच जात नाही, गूगलनं त्यात मिराकास्ट ठेवलेलंच नाही. पोरं मॅच बघतात, ती खूश.

रंगाचा सौदा पक्का करायचा असेल तेव्हा मी अजून एचडीएमआय केबलच लावतो, आणि टीव्हीत त्या इनपुटला 'पीसी' नाव देतो. माझ्या टीव्हीवर त्यानं लाल एकदम स्वच्छ येतो. डोंगल परत पाठवणार नाही. कुरिअरचे पैसे मी भरणार नाही.