सर्व्हिसिंग झकास, गाडी मात्र चेपून दिली

तळकोकणात महामार्गालगतचं हे अधिकृत सर्व्हिस सेंटर. एसी वेटिंग रूम, चहा फुकट, मुलं अदबशीर. दोन तारे त्या मुलांनाच.

ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड बदलून गाडी घरी आणली. धुताना हात लागला तर डाव्या दाराखालचा पत्रा आत गेलेला. गाडी उचलायला तिथे ठरलेली मजबूत जागा असते. यांनी लिफ्ट टेकवली शेजारच्या पातळ पत्र्यावर. रंग उडून लोखंड उघडं. आमच्या खाऱ्या वाऱ्यात त्याला गंज चढायला कितीसा वेळ लागतो?

अ‍ॅडव्हायझर म्हणतो, "तो चेपो आधीचोच असतलो, काका." मी जॉबकार्ड पुढे केलं. गाडी घेताना त्यांनीच जुन्या ओरखड्यांच्या खुणा केलेल्या. मागच्या बंपरवर एक, डावी बाजू कोरी. मग आवाज उतरला. "इन्शुरन्समधून करूया." वा! चेपवायची तुम्ही आणि क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात सूट देणारा नो क्लेम बोनस जायचा माझा!

मॅनेजरला आणि कंपनीला फोटोंसकट ईमेल केला, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार २ वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं, हेही ईमेलमध्ये घातलं. त्यानंतर पत्रा त्यांच्या खर्चाने सरळ झाला, वर गंजरोधक लेपही मिळाला. रंगाची छटा उन्हात वेगळी दिसते ती दिसतेच. सॉरी कोणी म्हटलं नाही. वॉरंटी संपेपर्यंत इथेच जाणार, नंतर गावातलं गॅरेज.