फिजिओथेरपीकडे वळताना: आधी कोल्हापूर, थेट इंग्लंड की जर्मनी?

काही वर्षे दुसऱ्या क्षेत्रात नोकरी केल्यानंतर फिजिओथेरपीकडे वळू पाहणाऱ्या आणि त्यासाठी परदेशी शिष्यवृत्तीचा विचार करणाऱ्या कोल्हापूरकरासमोर प्रामुख्याने तीन वाटा आहेत. येथेच बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी घेऊन नंतर पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जाणे, ही पहिली. हातात असलेल्या पदवीच्या जोरावर इंग्लंडमधील दोन वर्षांच्या एमएससी अभ्यासक्रमाला थेट प्रवेश घेणे, ही दुसरी. आणि जर्मन भाषा शिकून तेथील तीन वर्षांचे व्यावसायिक प्रशिक्षण घेणे, ही तिसरी. बहुतेक जण आधी देश निवडतात आणि मग पैशांचा शोध घेतात. माझ्या मते व्यवसायाचा पहिला परवाना कोठे मिळवायचा हे आधी ठरवावे, कारण शिष्यवृत्तीची पात्रता, कर्जाचा आकार आणि परतण्याची मुभा ही तिन्ही त्यावर अवलंबून असतात.

पहिल्या वाटेवरचा मोठा अडसर वेळेचा आहे. महाराष्ट्रात बीपीटीएचचा प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर राज्य सीईटी कक्षामार्फत होतो आणि त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र असावे लागते. नीटला आता वयाची कमाल मर्यादा नाही, ही उशिरा वळणाऱ्यांसाठी दिलाशाची बाब आहे. परंतु नोकरी सांभाळून अठरा वर्षांच्या मुलांच्या बरोबरीने तयारी करणे किती जणांना झेपेल, याचा ज्याने त्याने विचार करावा. पुढे इंटर्नशिप धरून साडेचार ते पाच वर्षे जातात. शासकीय व महापालिकेच्या महाविद्यालयांतील जागा मोजक्या असून त्या मुख्यतः मुंबई आणि नागपूर येथे आहेत, त्यामुळे कोल्हापूर-कराड पट्ट्यात राहून शिकायचे तर बहुधा खासगी महाविद्यालय किंवा अभिमत विद्यापीठ हाच पर्याय उरतो. येथे एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही: राज्य शासनाच्या शुल्कसवलतीच्या योजना, म्हणजे आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठीची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि 2024 पासून मुलींना मिळू लागलेली पूर्ण शुल्कमाफी, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून आलेल्यांसाठी आहेत आणि खासगी अभिमत विद्यापीठे त्यांतून वगळलेली आहेत. घराजवळचे महाविद्यालय सोयीचे असते, पण सवलत गेली तर ते स्वस्त पडेलच असे नाही.

दुसऱ्या वाटेचे आकर्षण तिच्या वेगात आहे. क्रीडाविज्ञान, जीवशास्त्र, मानसशास्त्र अशा संलग्न विषयांतील पदवीधरांसाठी ब्रिटिश विद्यापीठांत परवानापूर्व, म्हणजे व्यवसायाच्या पहिल्या परवान्यासाठी पात्र ठरवणारी, एमएससी असते. ती पूर्ण करताना सुमारे एक हजार तास प्रत्यक्ष रुग्णालयात वा दवाखान्यात काम करावे लागते आणि त्यानंतर तेथील हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल या नियामक संस्थेकडे नोंदणी करता येते. शिवाजी विद्यापीठातून प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीने हा पर्याय गांभीर्याने तपासावा. वाणिज्य किंवा अभियांत्रिकीच्या पदवीधराला मात्र येथे सहसा प्रवेश मिळत नाही.

हा वेग महाग पडतो. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाची फी साधारणतः 17 हजार पौंडांपासून पुढे भरावी लागते, राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा, आणि व्हिसासोबत दर वर्षासाठी 776 पौंडांचा आरोग्य अधिभारही द्यावा लागतो. दोन वर्षांचा हिशेब साठ लाख रुपयांच्या पुढे जातो. आरोग्य अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना इंग्लंडमध्ये वर्षाला 5,000 पौंडांचे जे साहाय्य मिळते, ते तेथील रहिवाशांसाठी आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचे नाव येथे सर्रास घेतले जाते. पण ती एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीसाठी असल्यामुळे दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमाला लागू पडत नाही. पहिल्या वाटेने गेलेल्याला मात्र ती नेमकी उपयोगी पडते. बीपीटीएचनंतर एक वर्षाची प्रगत एमएससी, किमान 2,800 तासांचा कामाचा अनुभव ज्यात आधीच्या क्षेत्रातील नोकरीही दाखवता येते, कमाल वयाची अट नाही, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याचे बंधन, जे कोल्हापुरात दवाखाना काढू इच्छिणाऱ्याला बंधन वाटण्याचे कारण नाही.

राज्य आणि केंद्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्यांचे गणित वेगळे आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी 75 जणांना दिली जाते, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि मराठा व कुणबी उमेदवारांसाठी राज्य शासनाच्या सारथी या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना आहे. सारथीचे उपकेंद्र कोल्हापुरातच असल्याने चौकशीसाठी पुण्याला हेलपाटा घालावा लागत नाही. या योजना पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी असतात, त्यामुळे दोन वर्षांची परवानापूर्व एमएससी त्यांत बसण्याची शक्यता आहे, आणि शिष्यवृत्तीच्या पैशांवर थेट क्षेत्रबदल करण्याचा बहुधा हाच एकमेव मार्ग आहे. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट: लंडनचे किंग्ज कॉलेज अशा यादीत असते, परंतु फिजिओथेरपी शिकवणारी अनेक नावाजलेली ब्रिटिश विद्यापीठे क्रमवारीत बरीच खाली असतात. दुसरी वयाची: शाहू महाराज शिष्यवृत्तीला पदव्युत्तर पदवीसाठी 35 वर्षांची मर्यादा आहे. जी व्यक्ती एकतिसाव्या वर्षी बीपीटीएचला प्रवेश घेईल, तिची पदवी हाती येईपर्यंत ही मुदत टळून गेलेली असेल. म्हणून पात्र प्रवर्गातील, तिशी ओलांडलेल्या आणि विज्ञानाची पदवी असलेल्या व्यक्तीला मी दुसरी वाट आधी आजमावून पाहण्याचा सल्ला देईन.

शिष्यवृत्तीविना, केवळ कर्जावर ही वाट धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. त्यापुढे सहसा घर किंवा जमीन लिहून द्यावी लागते. साठ लाखांच्या कर्जाला साडेदहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी महिन्याला सुमारे 81 हजारांचा हप्ता बसतो. इंग्लंडमध्ये नोकरी असेल तर तो काटकसरीने फेडता येईल. मात्र शिक्षणानंतर कामासाठी मिळणाऱ्या व्हिसाची मुदत 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांसाठी दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर येत आहे, आणि नव्या पदवीधरांना तेथील सरकारी रुग्णालयांत सुरुवातीची पदे मिळणे अलीकडे अवघड झाले आहे. नोकरी न मिळाल्यास परत येऊन हा हप्ता कोल्हापुरातील नवख्या फिजिओथेरपिस्टच्या पगारातून भरणे केवळ अशक्य आहे. खाशाबा जाधवांना 1952 मध्ये हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवल्याची हकिकत आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगावीही. पण ते 7,000 रुपये होते.

जर्मनीची वाट खर्चाच्या बाजूने सर्वांत सुसह्य आहे आणि जीवशास्त्राच्या पदवीचाही तेथे आग्रह नसतो. विद्यापीठांशी संलग्न व सार्वजनिक रुग्णालयांच्या प्रशिक्षणशाळांत शिकणाऱ्यांना 2019 पासून मासिक वेतन मिळू लागले आहे, जे हजार-बाराशे युरोंच्या आसपास असते; खासगी शाळांची स्थिती राज्यागणिक बदलते, तेव्हा प्रवेशपत्रात वेतनाचा आकडा लिहिलेला आहे का, हे पाहावे. खरी किंमत भाषेत मोजावी लागते. रुग्णाला हात लावून, बोलून, समजावून करण्याचे हे काम आहे, म्हणून बी 2 पातळीची, म्हणजे सहज संभाषण करता येईल इतकी, जर्मन ही किमान गरज ठरते आणि नोकरी करत तिथपर्यंत पोहोचायला वर्ष-दीड वर्ष सहज जाते. शिवाय तेथे फिजिओथेरपिस्ट बहुतांशी डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार उपचार करतो, तर इंग्लंडमध्ये त्याला निर्णयाचे स्वातंत्र्य बरेच अधिक असते. आणि हे प्रशिक्षण विद्यापीठीय पदवी नसल्यामुळे भारतात परतून त्यावर नोंदणी मिळेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. जर्मनीत कायमचे राहण्याची तयारी असलेल्यानेच ही वाट निवडावी.

परतण्याचा मुद्दा मी मुद्दाम लावून धरतो आहे, कारण या व्यवसायाला कोल्हापूर परिसरात काम भरपूर आहे. तालमीतले मल्ल आणि पेठापेठांतले फुटबॉलपटू आहेतच. त्यांच्याहून कितीतरी मोठी संख्या शिरोली व गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतील कामगारांची, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर उभे राहणाऱ्यांची, हुपरीत मान वाकवून चांदी घडवणाऱ्यांची आणि पक्षाघातानंतर घरी पडून असलेल्या वृद्धांची आहे. हे काम करायचे असेल, तर बीपीटीएच आणि राज्य परिषदेची नोंदणी असलेला माणूस पहिल्या दिवसापासून ते करू शकतो. ब्रिटिश पदवी घेऊन येणाऱ्याला आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठीच्या 2021 च्या केंद्रीय कायद्याखालील व्यवस्थेत आपली अर्हता मान्य करून घ्यावी लागते. ती प्रक्रिया काय आहे, याची लेखी विचारणा परदेशी फी भरण्यापूर्वीच करावी.

कोणतीही वाट निवडली तरी अर्ज भरण्याआधी एखाद्या फिजिओथेरपी ओपीडीत परवानगी घेऊन काही आठवडे केवळ निरीक्षण करावे. ब्रिटिश विद्यापीठे मुलाखतीत याविषयी विचारतातच. एकच व्यायाम त्याच रुग्णाकडून रोज करवून घेण्याचा संयम आपल्यात आहे का, हेही तेथे कळते. आणि नसेल, तर सध्याची नोकरी अजून हातात असते.