नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी सगळ्यात आधी करावा असा कोर्स : 'लर्निंग हाऊ टू लर्न'

कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सेसच्या साइटवरचा 'लर्निंग हाऊ टू लर्न', म्हणजे शिकायचं कसं तेच शिकवणारा कोर्स, मी नोकरी चालू असतानाच पूर्ण केला आणि तेव्हापासून कोणीही विचारलं की ऑफिस सांभाळून काहीतरी शिकायचंय, सुरुवात कुठून करू, तर मी डोळे झाकून हाच सांगते. कोडिंग, अकाउंट्स, नवीन भाषा, जे काय शिकायचं असेल ते नंतर, आधी हा करा.

शिकवणाऱ्या मुख्य मॅडम म्हणजे बार्बरा ओकली, सोबत मेंदूचा अभ्यास करणारे टेरेन्स सेजनोव्स्की. ओकली मॅडम आज इंजिनिअरिंगच्या प्रोफेसर आहेत पण शाळेत त्यांना गणित अजिबात जमायचं नाही, त्या सैन्यात गेल्या, रशियन शिकल्या, सोव्हिएत मासेमारी जहाजांवर दुभाषी म्हणून काम केलं आणि गणिताकडे परत वळल्या त्या थेट सव्विसाव्या वर्षी. त्यामुळे "आता या वयात डोक्यात शिरेल का" या आपल्या भीतीवर त्या बोलतात तेव्हा ते मनापासून पटतं, कारण त्या स्वतः त्यातून गेल्यात. कोर्स २०१४ साली आला, व्हिडिओ त्यांनी घराच्या तळघरात हिरवा पडदा लावून शूट केलेत, आणि खरं सांगू, एखाद्या चकाचक स्टुडिओत केलेल्या कोर्सपेक्षा हे जास्त आपलं वाटतं.

चार आठवड्यांचा कोर्स आहे आणि व्हिडिओ बहुतेक छोटे छोटे, पाच-सात मिनिटांचे वगैरे. नोकरी करणाऱ्या माणसासाठी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. दुसऱ्या एका प्लॅटफॉर्मवर मी एक कोर्स घेतला होता (नाव नको), तिथे दीड-दीड तासाचे वेबिनार रेकॉर्ड करून तसेच टाकले होते, मध्ये थांबायची जागाच नाही, दिवसभर काम करून आल्यावर कोण बसणार त्याच्यासमोर!

आता खरा मुद्दा. व्हिडिओ बघताना सगळं समजतंय असं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर शून्य, हे आपल्या सगळ्यांचं होतं. ओकली मॅडम म्हणतात बघून झालं की नजर बाजूला घ्या आणि मुख्य मुद्दा काय होता ते स्वतःचं स्वतः आठवून बघा, बस. मी अजूनही हेच करते, व्हिडिओ संपला की फोन पालथा ठेवायचा आणि कागदावर न बघता तीन-चार ओळी लिहायच्या, जिथे पेन अडतो तेवढाच भाग परत बघायचा, सगळा व्हिडिओ नाही. यामागे संशोधन आहे, २०११ मध्ये 'सायन्स' जर्नलमध्ये कार्पिकी आणि ब्लंट यांचा प्रयोग आला होता, त्यात वाचून झाल्यावर आठवून लिहिणाऱ्या मुलांना आठवड्याने, पुस्तक समोर ठेवून कन्सेप्ट मॅप (मुद्दे रेषांनी जोडून काढलेली आकृती) काढणाऱ्यांपेक्षा जास्त लक्षात होतं. आपल्याकडे वेळ आधीच कमी, मग तोच व्हिडिओ तिसऱ्यांदा बघण्यात तो का घालवायचा?

तिसरा आठवडा टाळाटाळीवर आहे आणि तो तर अगदी आपल्यासाठीच केलाय असं वाटतं. "आज एक मॉड्यूल संपवायचं" (म्हणजे कोर्सचा एक अख्खा भाग) असं ठरवलं की डोकं आधीच थकतं, त्यापेक्षा "आज २५ मिनिटं बसायचं" एवढंच ठरवा, किती झालं ते बघू नका. ही फ्रान्सेस्को सिरिलोची पॉमोडोरो पद्धत, २५ मिनिटं फक्त काम आणि मग ५ मिनिटं ब्रेक. ऑफिसातून दमून आल्यावर एक मॉड्यूल होत नाही पण २५ मिनिटं होतात हो, नक्की होतात.

कोर्स अर्धवट सुटणं किती कॉमन आहे ते पण सांगते. एडएक्स या कोर्सेरासारख्याच साइटवरच्या हार्वर्ड आणि एमआयटीच्या कोर्सेसचा २०१७-१८ चा डेटा बघितला तर नाव नोंदवलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला होता, आणि सर्टिफिकेटसाठी पैसे भरणाऱ्यांमध्ये मात्र ४६ टक्के. म्हणून तुमचा एखादा कोर्स राहिला असेल तर स्वतःला नावं ठेवत बसू नका प्लीज, आणि पूर्ण करायचाच असेल तर तो अर्धा सोडणं आपल्याला थोडं जड जाईल अशी काहीतरी सोय आधीच करून ठेवा. ऑफिसातल्या कोणालातरी सोबत घेतलं तरी खूप फरक पडतो.

कमी काय आहे? उदाहरणं जास्त करून कॉलेजच्या मुलांची आहेत, परीक्षा, गणित, सायन्स. शेवटच्या आठवड्यातल्या पेपर कसा सोडवायचा या टिप्स आपल्या फारशा कामाच्या नाहीत, त्या भरभर बघा. क्विझ सोप्या आहेत, त्यात मार्क पडले म्हणजे आलं असं धरू नका. बोनस मुलाखती मागे ठेवल्या तरी काही बिघडत नाही.

आणि ऑफिसात रिलीज किंवा ऑडिट आलं आणि तारखा चुकल्या तर कोर्सेरावर डेडलाइन रिसेट करता येतात, झालेलं काम जात नाही. ॲपमध्ये व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा, प्रवासात नेट नसलं तरी चालतात.