स्प्लिटहून बोटीने एक दिवस: पाच बेटं, जवळची बेटं, की व्हिसला मुक्काम?

मे महिना लागला की मला हमखास एक मेसेज येतो. कधी पुण्याहून, कधी इथल्याच जर्मनीतल्या मराठी मंडळींकडून. "क्रोएशियाला चाललोय. स्प्लिटहून बोटीची टूर घ्यायचीय, स्नॉर्केलिंगवाली. कुठली घेऊ?" (स्नॉर्केलिंग म्हणजे मास्क आणि तोंडात नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघणं.) फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

मी श्टुटगार्टला राहते. तीन वेगवेगळ्या वर्षी, तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी मी तो दिवस घालवलाय. पहिल्यांदा आईला घेऊन पाच बेटांची दिवसभराची स्पीडबोट. दुसऱ्यांदा बहीण आणि दोन भाच्यांबरोबर जवळच्या बेटांची अर्ध्या दिवसाची फेरी. तिसऱ्यांदा सप्टेंबरमध्ये, नवरा आणि मी, व्हिस बेटावरच दोन रात्री राहून तिथल्या छोट्या बोटीने. तिन्ही वेळचे फोटो सारखेच निळे आलेत, त्यामुळे फोटो बघून काही ठरवू नका. मी आता एकच हिशेब करते: बोटीत किती तास बसायचं आणि पाण्यात किती वेळ मिळणार.

पाच बेटांची स्पीडबोट

सगळ्यात जास्त जाहिरात हिचीच. साधारण बारा माणसांची बोट, सकाळी साडेसातच्या सुमारास स्प्लिटच्या धक्क्यावरून निघते आणि संध्याकाळी सहाच्या आसपास परत येते. वाटेत बिशेवोची निळी गुहा, व्हिसच्या दक्षिण किनाऱ्यावरचं स्टिनिवा, बुदिकोवात्सचं उथळ पाणी, पाक्लेनी बेटं आणि शेवटी ह्वार शहर.

लोक येतात ते निळ्या गुहेसाठी, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगते. बिशेवो हे व्हिसच्या नैर्ऋत्येला असलेलं छोटं बेट. गुहेला समुद्राखालून एक नैसर्गिक तोंड आहे. सूर्य वर चढला की ऊन त्या पाण्याखालच्या तोंडातून आत शिरतं, तळाच्या पांढऱ्या खडकावरून उलटतं आणि अख्खी गुहा आतून निळी पेटल्यासारखी दिसते. पाण्यातली वस्तू चांदीची वाटते. पूर्वी आत जायचं तर पाण्याखालून पोहत जावं लागे. १८८४ साली वरच्या बाजूला खडक फोडून होडी जाईल एवढं दार केलं. ते दार जेमतेम दीड मीटर उंच आहे, त्यामुळे आत शिरताना सगळ्यांना वाकून, जवळजवळ आडवं व्हावं लागतं. तुमची स्पीडबोट आत जातच नाही. मेझोपोरातच्या खाडीत उतरायचं, रांगेत थांबायचं, तिथल्या छोट्या होडीत बसायचं. आत दहाएक मिनिटं मिळतात आणि पोहायला मनाई आहे. "निळ्या गुहेत स्नॉर्केलिंग" असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही.

दहा मिनिटांसाठी एवढा खटाटोप करावा का? मला विचाराल तर त्या दहा मिनिटांत मी एक शब्द बोलू शकले नाही, आणि आईने माझा हात घट्ट धरला होता. तेव्हा बघण्यासारखी आहेच. पण त्या दिवशी आम्ही रांगेत दीड तास होतो. ऊन सगळ्यात सुंदर पडतं ते अकरा ते बाराच्या दरम्यान, आणि जुलै-ऑगस्टमध्ये स्प्लिट, ह्वार, त्रोगिर सगळीकडच्या बोटी तीच वेळ साधतात. रांगेतला हा वेळ भरून काढतात तो पुढच्या थांब्यांतून. स्टिनिवाला आम्हाला वीसच मिनिटं मिळाली.

स्टिनिवाचं वाईट वाटलं. दोन उंच कडे एकमेकांकडे झुकलेत, मधे काही मीटरची फट, आणि आत गोट्यांचा लहानसा किनारा. बोट बाहेर थांबते, त्या फटीतून पोहत आत जायचं. पट्टीचे पोहणारे नसाल तर लाइफ जॅकेट घालून जा, तांडेलाला सांगितलं की तो देतो. (तिथे त्याला स्किपर म्हणतात, पण आमच्या आईने पहिल्या दहा मिनिटांतच त्याचा तांडेल करून टाकला.) खरं स्नॉर्केलिंग कड्यांच्या पायथ्याशी आहे आणि त्यासाठी वीस मिनिटं म्हणजे काहीच नाहीत.

मी घड्याळ लावून पाहिलं. बोट पळत होती तो वेळ चार तासांच्या जवळ, पाण्यात सव्वा तास. उरलेला वेळ रांग, जेवण आणि ह्वारचा फेरफटका.

आता मुख्य गोष्ट. स्पीडबोट म्हणजे लाटेवरून लाटेवर आपटणं. स्प्लिट ते बिशेवो हा साधारण दीड तासाचा प्रवास आहे, तोही उघड्या समुद्रातून. आईचं वय तेव्हा बासष्ट, कमरेचं दुखणं जुनं. बुकिंगच्या वेळी मी विचारलं होतं आणि "काही त्रास होत नाही" असं उत्तर मिळालं होतं. परतीच्या वाटेवर आई दोन्ही हातांनी कठडा धरून अर्धवट उभी होती, कारण बसलं की प्रत्येक आपट थेट मणक्यात जात होती. पुढचे तीन दिवस ती हॉटेलात गरम पिशवी घेऊन पडून होती. ती मला एका शब्दानेही बोलली नाही, पण मला स्वतःचाच राग आला. कंबर, मान, मणका, गुडघा यांपैकी काहीही दुखत असेल किंवा कुणी गरोदर असेल तर ही टूर घेऊ नका. चांगले टूरवाले हे स्वतःहून सांगतात. जे सांगत नाहीत त्यांच्याकडे जाऊ नका.

जवळच्या बेटांची फेरी

हिला सगळे "ब्लू लगून" म्हणतात. ड्रव्हेनिक वेली हे बेट आणि शेजारची क्रक्न्याशीची दोन टिकल्यांएवढी बेटं, यांच्यामधलं उथळ पाणी म्हणजे हे लगून. बरोबर शोल्टा बेटावरचे एक-दोन थांबे, बहुधा नेचुयाम किंवा मास्लिनित्सा. चार-पाच तासांत सगळं आटोपतं. सकाळची आणि दुपारची अशा दोन फेऱ्या असतात आणि पैसे लांबच्या टूरच्या साधारण निम्मे पडतात.

भाचे तेव्हा सात आणि दहा वर्षांचे होते. त्यांच्यासाठी याहून चांगलं काही सापडलं नसतं. ब्राच आणि शोल्टा या बेटांचा आडोसा असल्याने पाणी बरंच शांत असतं, बोटीचा एक टप्पा अर्ध्या तासाच्या आसपास, आणि लगूनमध्ये तळ सतत दिसत राहतो, त्यामुळे मुलांची भीती लगेच मोडते.

पण एक गोष्ट जाहिरातवाले सांगत नाहीत. पाणी फिरोजी दिसतं ते खालच्या पांढऱ्या वाळूमुळे, आणि नुसत्या वाळूवर मासे फारसे नसतात. मासे असतात खडकांच्या कडेला आणि पाण्याखालच्या गवताच्या गडद पट्ट्यांत. लोक त्या काळपट भागाला घाण समजून टाळतात आणि मग "काहीच दिसलं नाही" म्हणत वर येतात. मास्क लावला की रंग सोडा आणि काळोख्या कडेकडे जा. धाकट्या भाच्याला तिथेच ऑक्टोपस दिसला. त्याने तोंडातली नळी न काढता मारलेली किंकाळी अजून आमच्या कानांत आहे. नेचुयामला उथळ पाण्यात बुडालेल्या एका बोटीचा सांगाडा आहे, त्याच्याभोवती माशांचे थवे फिरत असतात. मुलांना ते लगूनपेक्षा जास्त आवडलं.

गर्दीचं मात्र खरं आहे. ऑगस्टच्या दुपारी लगूनमध्ये बोटींची जत्रा भरते, संगीत लावलेल्या मोठ्या बोटीही येतात. सकाळचीच फेरी घ्या. आमचा पाण्यातला वेळ दोन तासांच्या वर गेला, म्हणजे दुप्पट पैसे भरलेल्या लांब टूरपेक्षा जास्त.

व्हिसला राहून

ज्यांच्याकडे दोन रात्री आहेत त्यांना मी डोळे मिटून हेच सांगते. स्प्लिटहून मोटारी वाहून नेणारी मोठी फेरीबोट सव्वादोन-अडीच तासांत व्हिसला पोचवते. ती जहाजासारखी स्थिर असते, बसून चहा पिता येतो, आणि आईलाही यातून सहज नेता आलं असतं. व्हिस गावातून बसने बेट ओलांडलं की कोमिझा. बिशेवो तिथून समोर दिसतं. लांब टूरवाल्यांनी दीड तास आपटत गाठलेली गुहा इथून थोडक्या प्रवासावर येते, आणि स्प्लिटच्या बोटी पोचायच्या आत सकाळी लवकर रांगेत लागता येतं.

कोमिझा हे कोळ्यांचं गाव. इथल्या फाल्कुशा नावाच्या अरुंद शिडाच्या होड्या सार्डिन मासे पकडायला पालाग्रुझा या दूरच्या बेटांपर्यंत, म्हणजे ४२ सागरी मैलांवर जात. चांगली जागा मिळावी म्हणून सगळ्या होड्या एकदमच निघत आणि ती अक्षरशः शर्यतच असे. युगोस्लाव्हियाच्या काळात व्हिस लष्करी तळ होता आणि १९८९ पर्यंत परदेशी माणसाला तिथे पाय ठेवता येत नव्हता. त्यामुळे इतर बेटांवर हॉटेलं उभी राहत होती तेव्हा इथे काही बांधलंच गेलं नाही. आज किनारे मोकळे आहेत ते त्यामुळे. डोंगरात खोदलेला पाणबुड्या लपवायचा बोगदा अजून आहे आणि बोटी त्यात शिरतात.

आमची बोट आठ जणांची होती, चालवणारे काका गावातलेच. त्यांनी स्टिनिवाला पाऊण तास थांबवलं, मग नकाशावर नाव नसलेल्या एका कपारीत सोडलं. तिथे इंद्रधनुष्यी पट्ट्यांचे छोटे मासे, लालभडक तारामासे आणि खडकाच्या बिळातून डोकावणारा एक जाडजूड ग्रुपर मासा. त्या दिवशी पाण्यात तीन तास झाले असतील, मी मोजायचं विसरले. अडचण एवढीच की मुक्कामाचा खर्च वाढतो आणि वारा फिरला तर फेरीबोटीचं वेळापत्रक बदलू शकतं. परतीचं विमान त्याच दिवशी ठेवू नका.

कुठलीही घ्या, एवढं माहीत असू द्या

मालवणला स्नॉर्केलिंग केलं असेल तर दोन फरक जाणवतील. तिथे माणूस तुम्हाला धरून नेतो, इथे मास्क हातात देतात आणि पुढे तुमचे तुम्ही. म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्यांनी उथळ पाण्यात पाच मिनिटं तोंडाने श्वास घ्यायची सवय करूनच पुढे जावं. दुसरं, पाणी काचेसारखं स्वच्छ, पण अंदमान-लक्षद्वीपसारखी प्रवाळाची रंगीत बाग इथे नाही. इथली गंमत खडकांत, प्रकाशात आणि खोलवर दिसणाऱ्या तळात आहे. पाणी खारट इतकं की शरीर सहज तरंगतं, पण गार असतं: जूनच्या सुरुवातीला वीस-बावीस अंश, ऑगस्टमध्ये पंचविसाच्या आसपास. कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असलेली मुलं अर्ध्या तासात कुडकुडतात. सप्टेंबर मला सगळ्यात आवडला. पाणी अजून उबदार, रांगा निम्म्या.

कोकणात आपण आधी भरती-ओहोटी विचारतो. इथे ती नावापुरती आहे, विचारायचा तो वारा. उन्हाळ्यात वायव्येकडून येणारा मायस्त्राल म्हणजे आपल्या शाळेच्या भूगोलातला खारा वारा: सकाळी उशिरा सुरू होतो, दुपारी जोर धरतो, सूर्यास्ताला पडतो. म्हणून लांब टूरचा परतीचा प्रवास जाण्यापेक्षा जास्त आपटतो. आग्नेयेचा युगो लागला तर लाटा उसळतात आणि निळी गुहा बंद ठेवतात. मग टूरवाले दुसरीकडे नेतात किंवा पैसे परत देतात. दोन्हींपैकी काय करणार ते आधीच लेखी विचारा. गुहेचं तिकीट किमतीत आहे का तेही विचारा, बहुतेकदा नसतं.

बोट लागत असेल तर गोळी निघायच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. पायात रबरी बूट हवेतच, कारण खडकांवर काळे काटेरी सी अर्चिन दबा धरून असतात.

शाकाहारी असाल तर पाक्लेनीच्या थांब्यावरची हॉटेलं महाग आहेत आणि मेन्यू मासळीचा. ब्लित्वा मागा, बटाटा-लसूण घातलेली पालेभाजी आहे आणि बहुतेक ठिकाणी मिळते. कोमिझाची पोगाचा ही भरलेली पोळीसारखी दिसते खरी, पण आत सार्डिन किंवा अँचोव्ही असते. आम्ही थेपले नेले होते, ते बोटीवर सगळ्यांत आधी संपले. ऑस्ट्रेलियन मंडळींनी कृती लिहून घेतली.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे आणि चलनही युरो झालंय, तेव्हा जुन्या लेखांतला कूनाचा हिशेब सोडून द्या. शेंगेन व्हिसावर जाता येतं.

आणि तरीही स्पीडबोटच घ्यायची असेल, म्हणजे एकच दिवस आहे, सगळे तिशीतले आहेत आणि गुहा बघायचीच आहे, तर जरूर घ्या. फक्त सकाळी धक्क्यावर पंधरा मिनिटं आधी पोचा आणि मागच्या बाजूची जागा पकडा. फोटोसाठी सगळे पुढे धावतात, पण आपट तिथेच सगळ्यात जास्त बसते.